जखम कोणत्या गालावर होती?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले निर्मातेसाहेब आणि इतर मान्यवर, आमच्या रंगभूषा-केशभूषा संघटनेची सगळी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आज हे सभागृह भरलंय ते आपले लाडके नट, आपले कप्तान, त्यांच्या घरची माणसं, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या राहिलेल्या, दारात अडकलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

हा माईक जरा खाली करता का? मी ठेंगणी आहे. हं, आता ठीक.

पत्रिकेत माझ्या नावासमोर 'दोन शब्द' असं छापलंय. सकाळी लेक म्हणाली, "आई, दोन म्हणजे दोनच हं. तू दूधवाल्याशी बोलायला गेलीस तरी दूध नासतं." ती तिथे दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि आता मान खाली घालून हसते आहे. तुमच्यातले पुष्कळजण तिला ओळखतात. तिचे वडील गेल्यापासून कप्तानांचा मेकअप तीच करते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तिचे वडील म्हणजे आमचे हे. स्टुडिओत त्यांना सगळे 'दादा' म्हणायचे. कप्तानांच्या चेहऱ्याला पहिला हात लागला तो ह्यांचा.

मला भाषण येत नाही. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन माझं मीच केलं, ते कसं तेही ओघात सांगेन. पण आज कप्तानांनी अट घातली, वहिनी बोलणार असतील तरच मी येतो. मग संघटनेची माणसं घरी आली. आल्यावर चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि जाताना हळूच म्हणाली, "वहिनी, एक काम करा. भाषणाच्या शेवटी कप्तानांना म्हणा, आमच्यासाठी अजून एक पिक्चर करा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. टाळ्या पडतील, ते उठून हो म्हणतील, आणि निर्मातेसाहेब तिथल्या तिथे जाहीर करतील."

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला हे सांगितलं गेलंय, ते मी तुम्हाला सांगून टाकलं. निर्मातेसाहेब, रागावू नका. तुम्ही मनापासूनच विचारताय, मला ठाऊक आहे. आणि कप्तानांनीही मला परवा सांगितलंय, की वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. म्हणजे त्यांनी थांबायचं की अजून एक करायचं, हे आज माझ्यावर येऊन पडलंय. बघा, आयुष्यभर भाजीत मीठ किती, एवढंच माझ्यावर होतं!

तर शब्द मी देणार आहे. पण आधी जरा मागचं बोलते. निरोपाला आलोय, घाई कशाची?

कप्तानांचे वडील शिंपी होते. पहिल्यांदा ते स्टुडिओत आले तेव्हा अंगात वडिलांनी शिवलेला कोट होता, बाह्या दोन बोटं लांब. "वाढत्या अंगाचा शिवलाय," असं वडील म्हणायचे म्हणे, आणि मुलगा तर मिशी फुटलेला! गर्दीतल्या माणसांच्या रांगेत उभे होते. आमचे हे तेव्हा गर्दीचाच मेकअप करायचे. म्हणजे काय, एकच डबा, एकच पफ, आणि रांगेतल्या तोंडांवरून फटाफट फिरवत जायचं, भिंतीला चुना लावावा तसं. ह्या पोरानं ह्यांचा हात धरला. म्हणाला, "दादा, मला जरा जास्त लावा. मी मागच्या रांगेत आहे."

हे म्हणाले, "मागच्या रांगेला पावडर पुरत नाही बाबा, नशीब लागतं."

"मग तेच लावा," पोरगा म्हणाला.

घरी येऊन ह्यांनी मला हे सांगितलं आणि जेवता जेवता हसत बसले. म्हणाले, "हा टिकणार."

टिकले, पण कसे? नायकाचा मित्र म्हणून. आणि त्या काळी नायकाचा मित्र मध्यंतराआधी मरायचा. कधी गोळी, कधी दरड, एकदा तर नायकासाठीचं विष चुकून त्यांच्याच पेल्यात. एकामागून एक पिक्चरमध्ये मेले. शेवटी त्यांच्या आईनं थेटरात जायचं सोडलं. शेजारणीला म्हणाल्या, "माझ्या पोराला मारतात, आणि ते बघायला तिकीट मीच काढायचं?"

मग तो दोन भावांचा पिक्चर आला. आठवतोय ना? त्यात ते धाकटे भाऊ होते. आईंना हट्टानं नेलं. मी शेजारीच बसले होते. मध्यंतराचे दिवे लागले, आणि त्या माउली जागेवरून उठल्या. मागे वळून सगळ्या अनोळखी लोकांना सांगायला लागल्या, "अजून आहे! अहो, अजून आहे तो!" लोकांना कळेना काय झालं. एक गृहस्थ म्हणाले, "हो आजी, अजून अर्धा आहे, बसा." त्या म्हणाल्या, "पिक्चरचं कोण बोलतंय?"

पुढचं तुम्हाला मी काय सांगू? जहाजाचा पिक्चर आला आणि ते कप्तान झाले ते झालेच. जहाज प्लायवूडचं होतं आणि चार माणसं खालून हलवत होती, हे आता सांगायला हरकत नाही. आपल्या कप्तानांना तलावातल्या होडीतसुद्धा मळमळतं. पण पडद्यावर त्यांनी सुकाणूला हात लावला की बायका निवांत व्हायच्या, आता काही होत नाही! न्हाव्यांच्या दुकानात त्यांच्या भांगाचे फोटो लागले. आमच्या गल्लीतला पोस्टमनसुद्धा टोपी तिरकी घालून यायचा.

आता माझ्या वाचनाचं. कप्तानांना संवाद कागदावरून पाठ होत नसत, कानावरून व्हायचे. म्हणून सकाळी मेकअप चालू असताना हे एका हातानं रंग लावायचे आणि तोंडानं संवाद म्हणायचे. त्यासाठी आदल्या दिवशी कागद घरी यायचे आणि ह्यांची तालीम घरी. नायकाचे संवाद हे म्हणायचे. मग नायिकेचे कोण म्हणणार? घरात दुसरी बाई नव्हती! मी भाजी चिरता चिरता एकेक अक्षर लावत वाचायला शिकले ती अशी. प्रेमाच्या संवादात जोडाक्षरं फार असतात, हे मला तेव्हा कळलं. ह्या शहरातल्या झाडून सगळ्या नायिकांचे संवाद माझ्या तोंडून आधी गेलेत, मग त्यांच्या.

एकदा मी अशीच ओरडून म्हणत होते, "तुमने मेरी ज़िंदगी बरबाद कर दी!" शेजारच्या काकू धावत आल्या. दारात उभ्या राहून ह्यांना म्हणाल्या, "भावोजी, काय असेल ते असेल, पण बायकोला रडवू नये." हे गडबडून म्हणाले, "अहो, मी नाही, कप्तानांनी रडवलंय." काकूंची नजर लगेच आतल्या खोलीकडे. "ते आत आहेत?"

कागद संपले की मग मी मासिकं वाचायला लागले, मग वाचनालयातली पुस्तकं. पण सुरुवात ती. त्यामुळे मला आजही पुस्तक मनातल्या मनात वाचता येत नाही, पुटपुटावं लागतं.

आता ती जखमेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझं पुढचं बोलणं तुम्हाला पटणार नाही.

त्या जहाजाच्या पिक्चरमध्ये कप्तानांच्या डाव्या गालावर जुन्या वाराची खूण होती. रोज सकाळी हे ती बसवायचे. ह्यांची पद्धत अशी की खुर्चीच्या मागे उभं राहायचं आणि आरशात बघून काम करायचं. कॅमेरा माणसाला समोरून बघतो, मीही समोरूनच बघणार, असं म्हणायचे. एके दिवशी स्टुडिओतली मेकअपची खोली रंगवायला काढली होती. शेजारच्या खोलीत खुर्ची टाकली, आणि तिथे आरसाच नव्हता. हे समोर उभे राहिले. हात मात्र आरशाच्या सवयीनं चालले. जखम बसली उजव्या गालावर.

आता बघा, तिथे दिग्दर्शक होता, कॅमेरावाला होता, नायिका होती, ती तर त्याच गालाला गाल लावून नाचत होती! कोणाच्या लक्षात आलं नाही. अख्खं गाणं चित्रित झालं. बागेचा तो मोठा सेट मोडून लाकूडफाटा गेलासुद्धा. मग चित्रित झालेला भाग बघायला सगळे बसले आणि पडद्यावर जखमेनं गाल बदललेला!

दिग्दर्शक असा ओरडला की बाहेर चहावाल्यानं किटली खाली ठेवली.  आमचे हे खोलीत गेले आणि पेटी आवरायला लागले. ब्रश पुसून एकेक ठेवत होते. कप्तान मागोमाग आले.

"दादा, काय चाललंय?"

"निघतो. चूक माझी आहे."

"जखम कोणाची आहे?" कप्तानांनी विचारलं.

"म्हणजे?"

"गाल माझा, जखम माझी. ती कुठे आहे ते मी सांगणार."

आणि तसेच दिग्दर्शकासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, गाणं स्वप्नातलं करा. स्वप्नात सगळं उलटंच असतं."  दिग्दर्शक म्हणाला, "हे माझ्या डोक्यात होतंच."

पिक्चर लागला. एका साप्ताहिकात परीक्षण आलं, ते मी स्वतः वाचलंय, की जखमेची बाजू बदलून दिग्दर्शकानं नायकाचं दुभंगलेलं मन दाखवलंय! हे मला तीन-तीनदा वाचायला लावायचे आणि म्हणायचे, "बघ, माझ्या हातून मन दुभंगलं आणि मला पत्ता नाही." आणि रस्त्यावर पोरांच्या मारामाऱ्या, कप्तानांची जखम डावीकडे की उजवीकडे? अर्धी पोरं डाव्या गालावर कोळशाची रेघ मारायची, अर्धी उजव्या. इथे बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या गालावर होती? ... बघा! अध्यक्षमहाराज, तुमचाही हात वर?

हसा, हसा. आमच्याकडेही खूप हसू झालं. पण त्या दिवसापासून हे कप्तानांना बांधले गेले. दुसरीकडून बोलावणी आली, मोठाल्या कंपन्यांची आली. म्हणायचे, "त्यांनी माझी चूक आपल्या गालावर घेतली. मी कुठे जाऊ?"

पुढे वाईट काळही आला. तो इथे कोणी बोलणार नाही, मी बोलते, आणि कप्तानांना विचारून बोलते. पिक्चर पडायला लागले. एक पडला, दुसरा पडला, मग बोलावणंच येईना. भिंतीवरच्या त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा कागद चिकटायला लागला. त्या काळात कप्तान काय करायचे, ठाऊक आहे? काम नसताना रोज सकाळी आमच्या मेकअपच्या खोलीत यायचे. खुर्चीत बसायचे. हे त्यांचा पूर्ण मेकअप करायचे, भुवया, केस, सगळं. बाहेरच्यांना वाटायचं दुसऱ्या फ्लोअरवर शूटिंग असेल. मग दोघं चहा प्यायचे. मग हे सगळं पुसून काढायचे आणि कप्तान घरी जायचे. हे असं किती दिवस चाललं, ते ह्या दोघांनी कधी मोजलं नाही आणि कधी कोणाला सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, "अहो, हे कशासाठी?" हे म्हणाले, "माणसाला सकाळी कुठेतरी जायला लागतं."

मग मोठ्या भावाच्या, बापाच्या भूमिका आल्या आणि गाडी पुन्हा रुळावर आली, ती आजपर्यंत.

पण ह्यांचं वय थांबलं नव्हतं. हात थरथरायला लागला. भुवई काढताना डाव्या हातानं उजवा धरायचे. मला म्हणायचे, "हा एवढा पिक्चर झाला की बास. मला एक सकाळ हवी आहे. गॅलरीत बसायचं, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, आणि तू मध्ये मध्ये कुरकुर करायची." मी म्हणायचे, "कुरकुर आत्तापासून करते, तुम्ही बसा तर खरे." मग फोन यायचा. "दादा, एकच." आणि हे पेटी उचलायचे. मी कोणाला बोल लावत नाही. फोन आला नसता तर हे रुसून बसले असते, हेही मला ठाऊक आहे. दोघांनाही एकमेकांचं 'एकच' हवं असायचं.

ती सकाळ काही आली नाही.

दवाखान्यात होते तेव्हा कप्तान भेटायला आले. डोक्यावर टोप नाही, चेहऱ्यावर काही नाही. दारावरच्या बाईनं ओळखलंच नाही. तिनं विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" कप्तान म्हणाले, "मी त्यांचं काम आहे."

ती म्हणाली, "कामाचं नंतर बघा, आत फक्त नातेवाईक." मग मी जाऊन आणलं त्यांना.

हे उशीला टेकून बसले होते. कप्तानांच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चांगला आहे की हो चेहरा. मी उगाच इतकी वर्षं झाकत बसलो." एवढंच बोलणं झालं त्यांचं. दुसऱ्या दिवशी हे गेले.

असो. पाणी नको, ठीक आहे मी.

परवा कप्तान आमच्या घरी आले होते. स्वयंपाकघरातच बसले, नेहमी बसतात तसे. मी वाटाणे सोलत होते, तेही सोलायला लागले. दाणे कमी आणि टरफलं जास्त त्यांच्या ताटलीत. लेक म्हणाली, "भूमिका कसली आहे काका?"

"नायकाचा आजोबा."

"मरतो का?"

"मरतो."

"कधी?"

"मध्यंतराआधी."

आणि आम्ही तिघं असे हसलो की वाटाणे खाली सांडले. मग लेक म्हणाली, "काका, माझ्याकडे बघून हो म्हणू नका हं. चेहऱ्यांना काय तोटा आहे? मला काम मिळेल. तुमच्या गुडघ्यांना विचारा." ती आत गेली. मग ते वाटाणे गोळा करता करता खालमानेनं म्हणाले, "वहिनी, पिक्चरचं मला काही नाही हो. पण नाही म्हटलं, तर सकाळी उठून जाऊ कुठे?"

 मी विचार करायला वेळ मागून घेतला. उत्तर आता देते.

निर्मातेसाहेब, संघटनेच्या भावांनो, तुम्ही सांगितलेलं वाक्य मी म्हणणार नाही. मला माफ करा. आणि समोरच्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, 'एकच' म्हणून टाळ्या वाजवू नका. तुमच्या टाळ्यांना नाही म्हणणं ह्या माणसाला जन्मात जमलेलं नाही. तुम्ही हाक माराल आणि ते दुखऱ्या गुडघ्यांनी उठतील. त्यांच्यावर प्रेम आहे ना तुमचं? मग जाऊ द्या त्यांना. एका माणसाची सकाळ 'एकच'मध्ये गेली, ते मी घरात बसून पाहिलंय.

आणि कप्तान, भावजी, आता तुमच्याशी बोलते. हे गेल्यावर सकाळचं काय करायचं, हे मलाही कळत नव्हतं. लवकर उठायचे, डबा भरायला डबा काढायचे, आणि आठवायचं, भरायचा कोणासाठी? सकाळ फार मोठी असते, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे. तिला घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मीही घाबरले होते. पण हळूहळू ती सरते. एखादं पुस्तक, एखादं माणूस, एखादी पाटीभर भाजी, असं करत दुपार होते. एकट्यानं मात्र जड जातं.

म्हणून माझा शब्द असा आहे. पिक्चर नको. आमच्याकडे या. गॅलरीत खुर्ची आहे. पेपर येतो. पेपर मी पुटपुटत वाचते, तुम्हाला तसंही कानावरूनच समजतं. मेकअप कोणी करणार नाही. आणि कुरकुर करायला मी आहे, ती माझ्याकडे पुष्कळ शिल्लक आहे.

ह्यांच्या कामाचं चीज तुम्ही केलंत, भावजी. आता त्या कामाला सुट्टी द्या.

संघटनेनं एका मेकअपवाल्याच्या बायकोला ह्या व्यासपीठावर उभं केलं, त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. अध्यक्षांनी घड्याळ दोनदा पाहिलं पण बेल वाजवली नाही, त्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान द्यायचा राहून गेला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, आणि निर्मातेसाहेब, तुमचं तर नक्कीच दुखावलं असेल, तर बाई साधी आहे, बोलून गेली, असं म्हणून पोटात घाला.

थांबा, कप्तान काहीतरी म्हणताहेत. त्यांच्यासमोर माईक नाही, मी सांगते. ... काय म्हणालात? ... बरं.

ते विचारताहेत, उद्या किती वाजता येऊ?

भावजी, वेळ नाही सांगत. झोप पुरी झाली की या.

नमस्कार.